आमची वाटचाल : शीर नसलेले पान

पुण्याच्या भवानी पेठेतील लाकूडबाजारामागच्या गल्लीत २०१२ साली आम्ही पहिला सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र, बसवला, तेव्हा ३ किलोवॉटचा स्पिंडल (कोरणारे टोक फिरवणारी मोटर), बँकेचे हप्ते आणि भागीदार मिस्त्रीकाका एवढेच आमचे भांडवल होते. मिस्त्रीकाकांनी उभे आयुष्य देव्हाऱ्यांच्या महिरपी पटाशी आणि गोलचीने (गोल धारेच्या पटाशीने) कोरण्यात घालवलेले. यंत्राला ते पहिली दोन वर्षे ‘घरघऱ्या’च म्हणत. तरीही उठाव, म्हणजे फळीतून वर आलेले कोरीव चित्र, म्हणजे काय, हे आम्हाला त्यांनीच शिकवले.

पहिला गणपती आम्ही छायाचित्रावरून कोरला. उजळ ते उंच आणि गडद ते खोल, असा सरळ हिशेब लावला होता. परिणामी कपाळावरचा शेंदूर खड्ड्यात गेला आणि पोटावर पडलेला फ्लॅशचा उजेड गळवासारखा वर आला. मिस्त्रीकाकांनी त्या फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ह्याला फोटो कळतो, गणपती कळत नाही.” त्या दिवसापासून आम्ही आर्टकॅम या उठावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकार हाताने उभारू लागलो. आधी पोटाचा घुमट, त्यावर सोंड, सोंडेवर वळ्या आणि सर्वांत शेवटी दागिने. सगळी खोली १२ मिलीमीटरची. तिच्यात कान, गाल आणि सोंड यांची वाटणी सारख्या प्रमाणात केली, तर चेहरा चपटा होतो. म्हणून मागच्या प्रभावळीला २ मिलीमीटरांत दाबायचे आणि वाचलेली खोली सोंडेला द्यायची, हा मिस्त्रीकाकांचा नियम आम्ही आजही पाळतो.

सोंड पोटावरून जाते, तिथल्या कडा कधीही उभ्या ठेवू नयेत. टेपर बॉलनोजचे, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या गोल टोकाच्या बिटचे, टोक अर्ध्या मिलीमीटर त्रिज्येचे असले, तरी वर ते जाड होत जाते, त्यामुळे उभी भिंत त्याला जमत नाही. तीन अक्षांच्या मशीनवर आकाराच्या पोटाखालून कोरणे तर शक्यच नाही. तिथे गोलचीच लागते. उंची करड्या छटांत मांडणाऱ्या ८ बिटच्या संगणकीय चित्रात उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या मिळतात, आणि गालासारख्या संथ उतारावर पॉलिश लागताच त्या मोजता येतात. तयार चित्रांवरून उठाव विकणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

२०१३ ते २०१८ या काळात काम भरपूर मिळाले आणि हप्ते वेळेवर फिटले. त्यापेक्षा अधिक सांगण्यासारखे त्या वर्षांत काही नाही.

२०१९ साली आमचा एक ऑपरेटर नोकरी सोडून गेला आणि त्याच्यापाठोपाठ आमच्या डिझाइनच्या सगळ्या फाइली गेल्या. हे आम्हाला कळले एका प्रदर्शनात. तिथे एका व्यावसायिकाने सागवानी दरवाजा मांडला होता, आणि त्याच्या वरच्या पट्टीवर आमची गजलक्ष्मी बसली होती. आमची म्हणण्यास आधार होता. प्रत्येक फाइलीत डाव्या बाजूच्या वेलीच्या एका पानाला आम्ही मुद्दाम मधली शीर देत नसू, आणि ते पान तिथे तसेच होते. पुढे त्याच गृहस्थांनी ‘पाच हजार डिझाइन्स’ असा पेनड्राइव्ह विकायला काढला. त्यात आमची जवळजवळ सगळी देवमंडळी होती.

आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : “ही गजलक्ष्मी तुम्ही स्वतः किती वेळा कोरली?” आम्ही अभिमानाने बिले मोजली, ती सत्तरच्या वर भरली. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५ प्रमाणे, नोंदणी होऊ शकणारे पण न नोंदवलेले डिझाइन मालकानेच औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा वस्तूंवर उतरवले, की त्यावरील कॉपीराइट संपतो, असे त्यांनी समजावले. डिझाइन कायदा, २००० खाली आता नोंदणी करावी, तर डिझाइन नवे उरलेले नव्हते. म्हणजे आमचा माल जितका खपला, तितका आमचा हक्क झिजला होता. हा न्याय आम्हाला अजूनही पचलेला नाही.

त्यानंतर गिऱ्हाइके फाइल स्वतःच घेऊन येऊ लागली आणि फक्त कटिंगचा चौरस फुटाचा दर विचारू लागली. दोन फूट बाय एक फूट पॅनेलला ०.३ मिलीमीटर स्टेपओव्हर (दोन फेऱ्यांतले अंतर) दिला, तर फिनिशिंगच्या हजारावर फेऱ्या होतात. कोरणारे बिट सहाशे मीटरांहून अधिक चालते, आणि मिनिटाला दोन मीटरची गती धरली तरी पाच तास जातात. त्या पाच तासांचे पैसे चहाच्या हिशेबाने देऊ पाहणाऱ्यांना आम्ही नकार दिला, आणि दुसऱ्या मशीनचे हप्ते थकले. एक मशीन विकायला काढण्यापर्यंत वेळ आली होती.

तेव्हा सांगलीचे आमचे जुने ग्राहक, ज्यांना आम्ही अण्णाच म्हणतो, स्वस्तातल्या पॅनेलचा एक तुकडा घेऊन आले. त्यांनी तीच गजलक्ष्मी आंब्याच्या लाकडात कोरून घेतली होती. आमची फाइल सागवानासाठी होती. आंब्याच्या लाकडात बारीक मोत्यांच्या कडांचे तंतू पिंजून निघाले होते, आणि हत्तीची सोंड आडव्या रेषेवर तुटली होती. अण्णांनी तो तुकडा टेबलावर ठेवला, चाळीस देव्हाऱ्यांची आगाऊ रक्कम मोजून दिली आणि म्हणाले, “हे माझ्या लाकडाला करून द्या.” आम्ही मोती जाड केले, फटी रुंदावल्या आणि सोंड अंगाला चिकटवली. मशीन राहिले.

मिस्त्रीकाका आता फक्त शनिवारी येतात आणि डोळ्यांच्या कडा गोलचीने स्वतः साफ करतात. या धंद्यात येणाऱ्यांनी पहिले पॅनेल कोणालाही दाखवण्याआधी डिझाइनची नोंदणी करावी. आम्ही आता तसेच करतो. शिवाय प्रत्येक फाइलीत खूणही ठेवतो. फक्त ती आता पानात नसते, आणि कुठे असते ते इथे लिहिणार नाही.