टाळेबंदीतले भजन आणि मागे पडणारा कोरस

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या सिंधुदुर्गातील कुडाळ भागात जत्रा, दशावतार आणि डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांमधील (मुख्य गायकांमधील) सामन्याच्या, भजनांचा हंगाम ऐन भरात होता आणि घेतलेल्या सुपाऱ्या एकामागून एक रद्द झाल्या. शेतीवाडी असणाऱ्यांनी तो काळ कसाबसा काढला, परंतु ज्यांची चूल केवळ पेटी-पखवाजावर पेटते त्यांची अवस्था बिकट झाली. एकत्र गाणे हेच धोक्याचे ठरले होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात त्याच मार्चमध्ये समूहगायनाच्या एका तालमीला ६१ जण जमले होते आणि त्यांपैकी ५३ जण निश्चित वा संभाव्य रुग्ण ठरले. आमच्या भजनी मंडळाचा कोरस, म्हणजे बुवांच्या मागून गाणारी मंडळी, तर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतो.

व्हिडिओ कॉलवर तालीम करण्याचा प्रयोग लगेचच फसला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या झांजवाल्याला पखवाज सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि तेवढा उशीर कान सांभाळून घेतो. मोबाइलच्या रेंजवर हा उशीर त्याच्या कित्येक पट होतो, त्यामुळे बुवांनी सोडलेला चरण कोरसाने झेलेपर्यंत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून गेलेली असते. शिवाय असे कॉल मुळात बोलण्यासाठी बनवलेले असल्याने पखवाजाची थाप आणि पेटीचा भरणा (मधल्या जागा भरणारे सूर) यांना ते गोंगाट समजून दाबून टाकतात.

मग प्रत्येकाने आपापल्या घरी ध्वनिमुद्रण करून पाठवायचे आणि मुंबईत अडकलेल्या आमच्या एका चाकरमान्याने ते संगणकावर जुळवायचे, असे ठरले. मी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत पडणारी टिकटिक, कानात घालून पेटी वाजवत असे, त्यावर पखवाज, मग बुवांचा आवाज आणि शेवटी कोरस चढत असे. पावसाळा सुरू झाल्यावर या पद्धतीची खरी परीक्षा झाली. कौलांवर सर कोसळू लागली की मुद्रण थांबवावे लागे, हे एक वेळ ठीक. पण दमट हवेने पखवाजाचे कातडे सैल पडून त्याचा स्वर उतरे आणि आदल्या आठवड्यात काळी चार या पट्टीत मुद्रित केलेल्या पेटीशी तो जुळत नसे. समोरासमोर बसलेले असताना हातोडीचे चार ठोके मारून हा प्रश्न मिटतो. येथे मात्र पेटीचे मुद्रण फोनवर लावून, त्या बारीक आवाजाशी पखवाज मिळवत बसावे लागे. उत्तर कोकणात तर ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने विजेचे खांबच आडवे केले होते. तेथील कलावंतांना ऑनलाइनचे सल्ले देणे म्हणजे थट्टाच होती.

सर्वांत अवघड गेला तो गजर, म्हणजे चढत्या लयीतला देवाच्या नामाचा घोष. गजराची लय बुवा, पखवाजी आणि झांजवाले एकमेकांकडे पाहत चढवत नेतात, आणि मेट्रोनोमला असे चढणे ठाऊक नसते. अखेर आम्ही मेट्रोनोम बाजूला ठेवला, पखवाजीने मनातल्या मनात गजर म्हणत एकट्यानेच लय वाढवत नेली आणि बुवांनी त्याच्या मागून गायले. लय बिनचूक जमली, परंतु ऐन रंगात आल्यावर बुवा जी ओळ अचानक पुन्हा धरतात ती कोठेच आली नाही, कारण ती धरायला पखवाज थांबणारच नव्हता.

२२ ऑगस्टला गणपती आले. घरोघरी जाऊन भजने करणे बंद असल्याने वाडीतील अनेक घरांत हीच ध्वनिमुद्रणे ब्लूटूथ स्पीकरवर लागली. पैसा त्यातून जवळजवळ मिळाला नाही. थोडीफार मिळकत झाली ती शिकवणीतून, कारण गुरूने वाजवावे आणि मग शिष्याने वाजवून दाखवावे, या क्रमात उशिराने काही बिघडत नाही. माझ्या मते त्या काळातील सर्वांत टिकाऊ बदल हाच होय. आमचे बुवा आजही नवी चाल आधी फोनवर पाठवतात आणि चाकरमानी ती पाठ करूनच गावी येतात. गजराची तालीम मात्र सगळे जमल्याशिवाय ते घेत नाहीत.