तुम्ही विचारलंत म्हणून : कुठले दहा कपडे घेऊ?

“ताई, कुठले दहा कपडे घेतले की सगळीकडे पुरतात, तेवढं सांगा की ओ.” माप देताना, फोनवर, लग्नाच्या पंगतीत, हाच प्रश्न. सोबत मोबाइलवरची यादी असतेच: पांढरा शर्ट, काळी पँट, बेज ट्रेंच कोट. तो कोट सोलापुरात कधी घालायचा, ते यादी करणाऱ्याला विचारा. इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मलमलसुद्धा अंगावर नको वाटते. मी यादी देत नाही म्हणून काहीजणी समजतात की मी धंद्याचं गुपित राखते. गुपित कसलं आलंय! दहा कपडे आणले तरी त्यांचं आपसात जमत नाही, कारण ते सेटने आणलेले असतात. कुर्ता, पँट, ओढणी, तीन पीस, एका पिशवीत.

सहा सेट म्हणजे अठरा नग, आणि घालायचे प्रकार सहाच. त्याऐवजी चार कुर्ते आणि कुठल्याही कुर्त्यावर चालतील अशा तीन पँटी घ्या, बारा जोड्या झाल्या. दोन ओढण्या आणि एकदा बिनओढणीचं धरलं तर 36. एवढं पटतं सगळ्यांना. मग पुढचा प्रश्न येतो, तो खरा अवघड: “घरात आहेत ते सेट मोडू का?”

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई सहा सेट घेऊन आल्या होत्या. एकही त्यांनी स्वतः घेतलेला नव्हता. दोन भावाचे, भाऊबीजेचे. एक लेकीचा, बाकीचे आहेराचे. आपल्याकडे बाईचं कपाट असंच भरतं, पाच-सहा जणांच्या आवडीनं. टेबलावर सगळं मांडलं. अबोली पँट फक्त अबोली कुर्त्याखालीच जात होती. दोन कुर्ते रेयॉनचे, चमकणारे. त्यांच्याखाली दुसऱ्या सेटची सुती पँट धरली की ती जुनी वाटायची. कुर्त्यांची उंची 40 पासून 47 इंचांपर्यंत. एका पँटचा खालचा घेर 12 इंच, दुसरीचा 24. लांब घेरदार कुर्त्याखाली घेरदार पँट गेली की माणूस कपड्यात हरवतो, आणि आखूड सरळ कुर्ता बारीक पायाच्या पँटवर फार उघडा वाटतो, निदान त्यांना वाटत होता.

बाईंनीच तोड काढली: चार पँटी काळ्या रंगवून घ्यायच्या. कल्पना वाईट नव्हती. सुती आणि रेयॉन रंग घेतात, पॉलिएस्टर साधा रंग घेत नाही. ओळखायला आतल्या शिलाईकडचा धागा काढून जाळायचा. सुती आणि रेयॉन कागदासारखं जळतं, मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तीन पँटींची राख पडली, चौथीचा मणी झाला. चौथी भावाच्या सेटमधली. रंगाऱ्यानंही सांगितलं की ही धरणार नाही. बाई म्हणाल्या, “टाका ओ, बघू.”

तीन पँटी छान काळ्या होऊन आल्या, पण प्रत्येकीवरची शिलाई जशीच्या तशी: एकीवर अबोली, एकीवर मोरपंखी, एकीवर गुलाबी. तयार कपड्याचा शिवायचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो कापडाबरोबर रंगत नाही. चौथी तर धुरकट, डागडागांची राखाडी. बाई मला काही बोलल्या नाहीत. “भावाला काय सांगू?” एवढंच म्हणाल्या, आणि ती पिशवीत कोंबली. कमरपट्टी आणि खालची दुमड उसवून काळ्या दोऱ्यानं पुन्हा मारली, तेव्हा तीन पँटी घालण्याजोग्या झाल्या. बाजूची शिवण आत असते, ती कोण बघतंय. पुढे एका फिक्या कुर्त्याच्या आतल्या बाजूला काळा रंग लागला. मीठ नि व्हिनेगरच्या पाण्यानं सुती कापडावरचा रंग पक्का होतो, हे ऐकीव आहे. सुटा रंग निघेपर्यंत वेगळं धुणं, हाच उपाय, आणि पाणी रोज न येणाऱ्या घरात तो किती महाग पडतो ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हापासून “ताई सेट मोडायला लावतात” असं माझ्या नावावर आहे. मी नवीन घेताना सेट घेऊ नका म्हणते, घरातला फाडा म्हणत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पण घरातला मोडला नाही तर कपाट रिकामं कधी होणार, याला माझ्याकडे नीट उत्तर नाही, तेही खरं.

सुरुवात कुर्त्यापासून करू नका, पँटीपासून करा. आपलं सोलापूर गणवेशाचं गाव, त्याचा फायदा घ्या. गणवेशाच्या कापडाला शेड नंबर, म्हणजे त्या रंगछटेचा ठरलेला क्रमांक, असतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. आज नेव्ही घेतलीत, दोन वर्षांनी तीच नेव्ही मिळण्याची शक्यता बरीच. फॅशनच्या कापडात ती नसते. नंबर वहीत लिहून ठेवा. फक्त हे कापड बहुतेक पॉलिएस्टर-व्हिस्कोस असतं, मेमध्ये शिजवून काढतं. उन्हाळ्याची एक पँट सुतीच हवी, सव्वादोन मीटर, आणि शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवलेली. कोरं सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं. 44 इंची कुर्त्यात तेच सव्वा ते दोन इंच होतात, आणि मग बाजूचा कटही वर सरकतो.

पूर्वी मी ठासून सांगायचे: काळी, पांढरी, बेज. पांढरीबद्दल आता डगमगते. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, पांढरं वर्षभरात मळकट होतं. राखाडी घ्या म्हणते, आणि मेमध्ये पांढऱ्याशिवाय डोळ्यांना थंडावा नाही असं मनात येतं. ठरवा तुम्हीच.

कुर्त्यांची उंची एकमेकांत दोन इंचांपेक्षा जास्त फरकाची नको. कट कमरेखाली सहा-सात इंचांवर. दोन एकरंगी, एक बारीक छाप्याचा, एक उभ्या पट्ट्यांचा. ओढण्यांचं फार डोकं चालवू नका, सेटमधली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच असते.

साडीला तर सगळं आधीच जमलेलं आहे, कुणी विचारत नाही म्हणून सांगते. इरकलचा टोपतेणी, म्हणजे साडीच्या अंगाच्या धाग्यांना जोडून विणलेला, पदर बहुतेक लालच असतो, काठही लाल-मरून. मरून खणाचा एक ब्लाउज, कोपरापर्यंत बाही, साधा गळा, दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड: पाच इरकलींवर चालतो आणि अंग वाढलं तर उसवताही येतो. तरी प्रत्येक साडीचा ब्लाउजपीस वेगळा शिवायचा हट्ट सुटत नाही. शिलाई मलाच मिळते, मी कशाला तक्रार करू!

भाऊबीजेला सेटऐवजी कापड मागावं का, असं त्याच बाईंनी नंतर विचारलं. मी म्हटलं, शेड नंबर पाठवा. त्या म्हणाल्या, भावाला नंबर पाठवायचा म्हणजे त्याच्याकडून बिल भरून घेतल्यासारखं झालं. यंदा त्यांनी काय मागितलं मला माहीत नाही. दिवाळीनंतर अजून तरी माप द्यायला आलेल्या नाहीत.