आमची वाटचाल : दोन खोल्या आणि एक फळा

मुरूडहून कर्द्याकडे जाताना आमची वाडी लागते. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' ही पाटी लावली तेव्हा खोल्या दोन होत्या आणि पाहुण्यांना आंघोळीचं पाणी चुलीवर तापवून मिळायचं. मोदक, सोलकढी, तळलेली सुरमई काय, दापोली तालुक्यात कुठेही मिळते. आमच्याकडे वेगळं होतं ते पडवीतला फळा.

शाळेने मोडीत काढलेला, एक कोपरा उडालेला. मामंजी सकाळी चहाच्या आधी पंचांगातली तिथी त्यावर लिहायचे आणि खाली पाण्याची वेळ. तिथीची पाऊणपट केली की भरती, हे इथल्या शेंबड्या पोरालाही येतं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्याच्या मागेपुढे सहा तासांवर ओहोटी. पाहुण्यांचा दिवस त्यावरून ठरायचा. पाणी चढतं असलं तर हर्णैहून होडीने समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला. पाणी जुळत नसलं तर आसूदच्या सुपारीच्या बागांतून खाली उतरून, साकव ओलांडून केशवराजाचं देऊळ. नाहीतर पन्हाळेकाजीची लेणी. एकोणतीस आहेत, नदीकाठी, माणसं कमी. "अजिंठ्यासारखी चित्रं आहेत का हो?" असं विचारणाऱ्यांना मी तिकडे पाठवत नाही, डाळिंब्यांची उसळ वाढते आणि कड्यावरच्या गणपतीला धाडते.

आमच्याकडे एक मुलगा दोन हंगाम पाहुणे फिरवायला होता. होडीवाले, रिक्षावाले, मासळीच्या लिलावाला कुठे उभं राहायचं, सगळं त्याने इथे पाहिलं. पुढे त्याने रस्त्यालगत दहा खोल्या बांधल्या, एसीच्या. बांधू दे, पोटाला लागतंच. पण आमच्या फळ्यावरचा मजकूर त्याने छापून प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक खोलीत टांगला: 'सुवर्णदुर्ग, सकाळी 10'. रोज दहा! पंचमीला दहाच्या सुमारास ओहोटी असते हो. लेकरं कडेवर घेऊन खडकांवरून धडपडत जाणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्यांतली दोन कुटुंबं नंतर आमच्याकडे 'तुमच्याच माणसाने सांगितलं होतं' म्हणून तक्रार करायला आली.

2020 च्या मार्चपासून पाहुणे नव्हतेच. मग 3 जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारभर आम्ही माजघरात, दाराला पाटा-वरवंटा लावून. आवाज वाऱ्याचा कमी आणि पोफळी मोडण्याचा जास्त. काड्कन, मग थोडं थांबून पुन्हा काड्कन. हे पहिल्या तासात मोजत होते, मग सोडून दिलं. संध्याकाळी दार उघडलं तर समोर घरातून कधी न दिसलेला समुद्र दिसला. वाडीत तीनशेच्या वर पोफळी होत्या, उभ्या उरल्या चाळीस-पन्नास. पडवीचं छप्पर शेजारच्या आगरात पडलं होतं. फळा चार दिवसांनी विहिरीत सापडला, कडीला दोरीचा तुकडा तसाच.

वीज यायला सव्वा महिना लागला. फोन चार्ज करायला हे दापोलीला जात. त्याच महिन्यात आमच्या जुन्या पाहुण्यांना सांगितलं जात होतं, "ते घर पडलं, बंद केलं त्यांनी, इकडे या." घर पडलेलं नव्हतं. पडवी पडली होती.

हे आम्हाला कळलं डोंबिवलीच्या काकांकडून. काका बँकेतले, निवृत्त, दर कार्तिकात येणारे. त्यांनाही तसाच फोन गेला होता. त्यांनी उलट ह्यांना फोन लावला, लागेना तर आठ दिवस लावत राहिले. लागला तेव्हा म्हणाले, "वहिनींना सांगा, तीन वर्षांच्या खोलीचे पैसे पाठवतोय, पत्रे आणा." पावती मागितली नाही. पत्रे आले, पण पोफळीचं काय? आज लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं. नवी रोपं आता कुठे माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते. सुवर्णदुर्गाला जाल तर चप्पल पायाला बांधलेली हवी आणि पाणी बरोबर. किल्ल्याचा दरवाजा तटात असा दडलाय की जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पायरीवरचं कासव आणि भिंतीतला मारुती पाहायला पाच मिनिटं तरी थांबा, सेल्फी मग काढा. गाडी पुळणीवर घालू नका. रुतली की लोक ट्रॅक्टरसाठी आमच्याच दारात येतात आणि भाव आम्हीच वाढवला असं समजतात. हर्णैचा लिलाव पाहायला संध्याकाळी जा, पण मासा घ्यायचा नसेल तर बोली लावणाऱ्यांच्या मध्ये उभे राहू नका.

मागच्या कार्तिकात काका आले तेव्हा तीन वर्षं संपून गेली होती. पैसे दिले, आम्ही घेतले. सकाळी मी फळ्यावर दशमी लिहून भरती साडेसात मांडली. ते चष्मा लावून उभे राहिले, पंचांग मागितलं आणि म्हणाले, "वहिनी, आज दशमी सकाळीच संपते. एकादशी धरा." पुसून सव्वाआठ केलं.