अपडेट: जेल निघायचं थांबलं (बहुतेक), आणि चोर घरातच निघाला

डावा अंगठा, पाचवा दिवस. भांडी झाली, कणीक झाली, दोनदा केस धुऊन झाले, ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवून झाला आणि नखावरचं जेल पॉलिश जागचं हललेलं नाही. ज्यांनी मागची रडगाणी वाचलीत त्यांना कळेल मी इतकी का उड्या मारतीये.

नवीन कोणी असेल तर थोडक्यात, अ‍ॅक्रिलिक एक्स्टेंशन (पावडर आणि लिक्विड कालवून वाढवलेलं नख) मस्त बसतंय, खऱ्या नखापासून कुठंही सुटत नाही, एपेक्स (मधला उंचवटा) जागेवर, साइडवॉल (कडा) सरळ, पण वरचं जेल पॉलिश दोन-तीन दिवसांत अख्खंच्या अख्खं टोपीसारखं निघायचं. तुकडे पडत नव्हते, चीर जात नव्हती, कोपऱ्यातून नुसतं नख घातलं की अंड्याच्या आतला पापुद्रा निघावा तसा सगळा रंग बेस कोटसकट हातात. माझ्या हातावर तीनदा, नणंदेच्या हातावर एकदा. तिचा साखरपुडा येत्या रविवारी आहे आणि ट्रायलच्या तिसऱ्या दिवशी ती सकाळी सकाळी चहाच्या कपात बोट दाखवत उभी, "वहिनी, हे बघ की, परत सुटलं, कपात पडलं असतं." चहा गोड लागला नाही त्या दिवशी.

आधी मी सगळा दोष जेल ज्याच्या उजेडात जमतं त्या लॅम्पला दिला. डब्यावर ४८ वॅट लिहिलंय म्हणून ते खरंच असतं असं नाही, आणि वॅटवर काही नसतंच म्हणा, वेव्हलेंथ जुळली पाहिजे. पण निघालेला पापुद्रा उलटा करून बघितला तर आतली बाजू कडक, कोरडी, बोटाला काही लागत नव्हतं. अंडरक्युअर असतं, म्हणजे लॅम्पखाली पुरतं जमलं नसतं, तर आत ओलसर किंवा मऊ राहिलं असतं. व्हाइटमध्ये पिगमेंट इतकं असतं की प्रकाश खाली पोचत नाही म्हणून मी आधीपासूनच पातळ दोन कोट, प्रत्येकी ६० सेकंद आणि अंगठे वेगळे करते (चार बोटांबरोबर अंगठा घातला की तो आडवा राहतो आणि एक बाजू अंधारात जाते, हे आता पाठ झालंय). म्हणजे लॅम्प सुटला. मग रबर बेस आणला, पैसे गेले, तोही निघाला, फक्त रबर असल्यामुळं जास्त छान निघाला. मग डिहायड्रेटरचे दोन कोट. नंतर डोकं जाग्यावर आल्यावर कळलं की डिहायड्रेटर आणि प्रायमर हे खऱ्या नखासाठी, नखातलं पाणी-तेल काढायला, प्लॅस्टिकवर लावून ते काय वाळवणार?

क्लू खरं तर पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर होता. फाईलिंगचा चुरा. पूर्वी अ‍ॅक्रिलिक घासलं की रांगोळीसारखी कोरडी पांढरी पूड पडायची, ओढणीवर बसायची, नाकात जायची. या महिन्यात मात्र खोडरबरानं खोडल्यावर पडतात तशा बारीक वळकट्या पडत होत्या आणि १८० ची फाईल दोन नखांत भरून गुळगुळीत व्हायची. मला वाटलं फाईल भिकार आहे. दुकानदाराला मनात शिव्या घालून दुसरी आणली, तीही तशीच.

आणि या महिन्यात काय बदललं होतं? मोनोमर, म्हणजे पावडर ज्यात कालवतात ते लिक्विड. डिसेंबरमध्ये सासूबाई एकदा बाहेरून आल्या आणि दारातच, "काय गं, घरात डुको मारतीयस काय?" डासांमुळं संध्याकाळी दारं-खिडक्या बंद, त्यात ईएमएचा (नेहमीच्या मोनोमरचा) तो वास, त्यांचंही बरोबर होतं. म्हणून मी शहाण्यासारखं ओडरलेस (बिनवासाचं) लिक्विड मागवलं. आता यातली मेख अशी की ओडरलेस सेट झाल्यावर वर एक चिकट थर सोडतं, हवेतल्या ऑक्सिजनमुळं वरचा थर पूर्ण जमत नाही, आपल्या वाइप करायच्या (लॅम्पनंतर पुसावा लागतो त्या) जेल टॉपवर राहतो ना, तसाच. साध्या लिक्विडला हे होत नाही, म्हणून आपल्याला सवयच नाही. आणि मी काय करत होते, तर त्या चिकटावरच फाईल घासून तो चिकटपणा सगळ्या नखावर आणि नव्या ओरखड्यांमध्ये सारवत होते. शेवटी आयपीएनं (आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं) एक हात फिरवायचे, पण तोवर गोंद खाचेत जाऊन बसलेला. वर कितीही भारी बेस लावा, तो गोंदावर बसणार, नखावर नाही.

हा नुसता अंदाज होता, म्हणून डाव्या हाताची पाच बोटं पणाला लावली. अंगठा जुन्या पद्धतीनं. तर्जनीला सेट झाल्यावर आयपीएनं पुसलं पण फाईल केलंच नाही. मधल्या बोटाला आधी आयपीए, मग कोरी करकरीत १८० फाईल, चमक कुठंही उरणार नाही इतकं मॅट, कोरड्या ब्रशनं पूड झटकली, परत आयपीए. अनामिकेला तेच सगळं आणि वर अ‍ॅसिड-फ्री प्रायमर. करंगळीला जुनं वासवालं मोनोमर, गच्चीत बसून. अंगठा चौथ्या दिवशी गेला. तर्जनी पाचव्या दिवशी कडेनं उचलली, गुळगुळीत नखावर धरायला काही नव्हतंच. उरलेली तिन्ही आठ दिवस ढिम्म. मधलं आणि अनामिका सारखीच टिकली, म्हणजे प्रायमर तिथं फुकट.

मी हे विजयी मुद्रेनं नणंदेला सांगितलं तर ती म्हणते, "पण अंगठा तसाही लॅम्पमध्ये नीट बसत नाही असं तूच म्हणतीस की, मग अंगठाच का घेतलास जुन्या पद्धतीला?" बी.एस्सी. कामाला आली पोरीची. एकदम बरोबर. म्हणून आत्ता जी टेस्ट चालू आहे त्यात उलट केलंय, अंगठ्याला नवीन पद्धत आणि मधल्या बोटाला जुनी. मधलं काल रात्री गेलं. अंगठा अजून आहे. वरती नाचत होते ते यासाठी.

ओडरलेस वापरणाऱ्यांनी बीडही (ब्रशवरचा पावडर-लिक्विडचा गोळा) कोरडा घ्या. नेहमीच्या सवयीनं ब्रश भिजवला की बीड वाहतो, क्युटिकलकडं पळतो आणि चिकट थरही वाढतो. आणि तो चिकट चुरा कातडीला लागू देऊ नका, मी निष्काळजीपणा केला आणि बोटांच्या कडेला दोन दिवस खाज होती. न जमलेलं मोनोमर अंगाला लागून एकदा अ‍ॅलर्जी बसली की आयुष्यभर राहते, उद्या दाताच्या कामातही तीच जातकुळीची केमिकल्स असतात. आता नायट्राइल ग्लोव्ह्ज घालते, मध्येच बदलते, मास्क तर आहेच.

लिक्विडवरून आठवलं, पेठेतल्या एकानं मला लिटरवर सुटं, बिनलेबलचं "पार्लरवाले हेच नेतात" म्हणून दाखवलं. वास डोक्यात जाणारा, भाव निम्मा. मी हात जोडले. लेबल नसलेलं लिक्विड म्हणजे एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट, नखांसाठी घातक मानलेलं मोनोमर) असण्याची शक्यता धराच, ज्याच्यावर अमेरिकेत एफडीएनं १९७० च्या दशकातच कारवाई केली होती. फाईलनं कापत नाही, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळायला रडवतं, आणि कुठं आदळलं तर अ‍ॅक्रिलिक तुटायच्या आधी खरं नख उपटतं. स्वस्तातलं घ्यायचं तर बफर घ्या, कापूस घ्या, मोनोमर नको.

आता एक छोटा आनंद. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघते. नव्या हळदीची आवक सुरू झालीये, सौदे चालू आहेत, राजापुरीचे ढीग, हळकुंड मोडून आतला रंग बघतात, सगळीकडं पूड उडते, आणि माझं मिल्की व्हाइट संध्याकाळपर्यंत नवरीच्या हातासारखं पिवळं. पुसलं तर साबणानं जात नाही. पण आयपीएनं बरंच गेलं (हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं), आणि उरलेली छटा रविवारी गच्चीत पापड राखत उन्हात बसले तर आपोआप फिकी झाली, कर्क्युमिनला उजेड सोसत नाही. एवढी खूश मी बोनसलाही नव्हते. मॅट टॉप मात्र हळदीच्या आसपास लावू नका, टीपकागदासारखा पितो. ग्लॉसी नो-वाइप, पूर्ण वेळ क्युअर. नणंदेच्या हळदीला हेच लागणार.

तर रविवारसाठी ठरवलं होतं की नणंदेला ओडरलेसच, फक्त नवीन क्रमानं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की करंगळीनं एवढं सरळ उत्तर दिलंय तर मी चिकटाशी झुंजत का बसलीये? साधं मोनोमर, गच्चीत. अडचण एकच, दुपारी आत्ताच एवढं तापतं की बीड ठेवून दाबायच्या आत जमतो, आणि जेलच्या बाटल्या उन्हात उघडल्या तर बाटलीतच क्युअर. मग असं करते, उद्या शुक्रवारी सकाळी सातला गच्चीत फक्त अ‍ॅक्रिलिक, फाईल करून ठेवून द्यायचं, आणि जेल शनिवारी संध्याकाळी खाली खोलीत. अ‍ॅक्रिलिक टकटक वाजायला लागलं तरी आतून पूर्ण जमायला दिवसभर घेतंच, तोही मिळतो. सासूबाईंना वास नाही, मला घाई नाही. मधल्या दिवसात तिनं हाताला तेल-क्रीम काही लावायचं नाही एवढीच अट, आणि शनिवारी रंगाआधी परत हलकंसं १८० आणि आयपीए.

क्रोम पावडर (आरशासारखी चमक देणारी) रद्द. ती हट्ट करतीये, पण एका वेळी एकच प्रयोग.

उजव्या हाताचा फॉर्म (नखाखाली लावायचा कागदी साचा) बसवताना तिच्या अनामिकेचा नखाचा कोपरा खाली वळतो, तिथं सी-कर्व्ह (नखाची आडवी कमान) नीट येत नाहीये, फॉर्म कापून बघते, कोणी टिप (तयार प्लॅस्टिकचं नख) वापरून केलं असेल तर साइझ सांगा. शनिवारी संध्याकाळी माझ्या अंगठ्याचा सातवा दिवस भरतोय. तोवर तो सुटला तर नणंदेला साधी नेलपेंट, आणि अंगठी तिनं दुसऱ्या बाजूनं दाखवायची.