पाऊणपट

बोट सुटायला अर्धा तास होता आणि बाबा धक्क्याच्या भिंतीवर शेवाळाची रेघ शोधत होते. अलिबागच्या माणसाला धक्का दिसला की तो आधी ती रेघ बघतो. पाणी कुठवर चढतं, आत्ता कुठं आहे, आपण परत येईपर्यंत कुठं असेल. रेघ होती, पण पाण्याला चिकटूनच. वीतभरही वर नाही.

"आज तिथी काय गं?"

मी मोबाइलवर पंचांग उघडलं. क्रीट बेटावरच्या किसामोस बंदरात, सप्टेंबरच्या उन्हात. शुद्ध अष्टमी.

"मग बरोबर. आज भांग."

ज्यांचं लहानपण समुद्रापासून लांब गेलं त्यांच्यासाठी सांगते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दोन्ही बेताचं. आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. आमच्या घरात पाढे पाठ झाले नाहीत तरी चालायचं, ही पाऊणपट यायला हवी होती, कारण समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीलाच जायचं, आणि वेळेत परत फिरायचं. एकदा आम्ही किल्ल्यात रमलो आणि येताना चपला हातात, पाणी कमरेला. त्या दिवशी आईनं हिशोब कुणी केला होता हे विचारलं नाही, नुसतं बाबांकडे बघितलं.

मी बाबांना म्हटलं, इथं भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. भूमध्य समुद्राचं तोंड जिब्राल्टरला, तेही जेमतेम १४ किलोमीटर रुंद. तिथून महासागराची भरती आत येऊन येऊन किती येणार? आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, इथं काही सेंटिमीटर. बाबांनी ऐकून घेतलं, पण कुणीतरी "आमच्या घरात चूल नाही" असं सांगितल्यासारखा चेहरा केला.

"आज अष्टमी आहे म्हणून तुला तसं वाटतंय," ते म्हणाले.

बोट निघाली. डाव्या हाताला ग्रामवूसाचं लांबलचक द्वीपकल्प, नुसता दगड. किनारा म्हटल्यावर माड दिसायला हवेत असं वाटणाऱ्या डोळ्यांना ते फार उघडंबोडकं दिसतं. पाणी मात्र असं निळं, की बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अचानक त्यांनी माझा दंड धरला. "ती बघ! ती बघ खूण!"

कड्यावर पाण्याच्या बरीच वर एक काळपट पट्टी होती. पट्टी धरून आखावी तशी आडवी, कड्याबरोबर वळत जाणारी. खालचा दगड वाळवी लागल्यासारखा पोखरलेला. भरतीची रेघ असते अगदी तशी. "आणि तू म्हणे, सेंटिमीटर!"

तेवढ्यात भोंग्यावरून ग्रीक, जर्मन आणि शेवटी इंग्रजीतून माहिती आली. ती पाण्याचीच खूण होती, फक्त जुन्या पाण्याची. इ. स. ३६५ मध्ये, २१ जुलै या दिवशी मोठा भूकंप झाला आणि बेटाचा हा पश्चिमेचा भाग समुद्रातून वर उचलला गेला. काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत. द्वीपकल्पाच्या पायथ्याशी फालासार्ना नावाचं प्राचीन बंदर आहे. त्याची गोदी आज कोरड्या जमिनीत आहे, बोटी बांधायची जागा आहे, पाणी नाही.

त्याच दिवशी तिकडे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला आधी समुद्र मागे हटला. लोक उघड्या पडलेल्या तळावर उतरून हातांनी मासे वेचू लागले, आणि मग पाणी परत आलं. गलबतं घरांच्या छपरांवर जाऊन पडली. हे त्या काळच्या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. मला हे वाचलेलं आठवलं आणि मी बाबांना सांगितलं. बाबांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला कळलं, कारण माझ्याही तेच आलं: ओहोटीला खडकांवर ओळीनं बसून कालवं फोडणाऱ्या बायका.

"अवेळची ओहोटी होती ती," बाबा म्हणाले. "कुणी हिशोब केला नसणार."

ग्रामवूसा बेटावर व्हेनिसवाल्यांनी १५७९ ते १५८४ या काळात बांधलेला किल्ला आहे, १३७ मीटर उंचावर. पायऱ्या उभ्या, सावली शून्य. बाबा दर वळणावर "तू दमलीस का?" असं विचारून स्वतः बसत होते. वर पोचल्यावर त्यांनी तटबंदी बघितली नाही, आधी पाण्याची टाकी कुठंय ते शोधलं. किल्ला तुर्कांनी लढून घेतला नाही, आतल्याच एका अधिकाऱ्यानं लाच खाऊन दिला. फितुरी म्हटल्यावर बाबांनी नुसती मान हलवली. १८२५ मध्ये ग्रीक बंडखोरांनी तो परत घेतला आणि उपासमार व्हायला लागल्यावर येणारी-जाणारी जहाजं लुटायला सुरुवात केली. त्यांनी इथं शाळा बांधली, आणि एक चर्चही, ज्याच्या नावाचा अर्थ साधारण 'चोरांच्या बायकांची माउली' असा होतो. १८२८ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच जहाजांनी येऊन हे सगळं मोडून काढलं.

माहितीफलकावरचा 'चाचे' या अर्थाचा शब्द मी वाचून दाखवला तेव्हा बाबा थांबले. आंग्र्यांच्या गावच्या माणसासमोर हा शब्द जपून वापरावा लागतो. "कान्होजींनाही इंग्रज हेच म्हणायचे," ते म्हणाले. "इथंही इंग्रजच का?"

खाली धक्क्याजवळ एक गंजलेलं जहाज अर्धं पाण्यात आहे. १९६७ मध्ये सिमेंट घेऊन चाललं होतं, वादळात सापडलं. सिमेंटचं पुढं काय झालं याचा विचार बाबा पुढच्या बोटप्रवासभर करत होते.

तो प्रवास दहा मिनिटांचा. समोर बालोसचा किनारा. फोटोत दिसतो तो हाच: उथळ पाण्याचे निळे-हिरवे-पांढरे थर, आणि पलीकडे एक चपटं टेकाड, ज्याला स्थानिक लोक 'तिगानी' म्हणतात, म्हणजे तवा. वाळू कडेकडेनं गुलाबी, शंखशिंपल्यांच्या चुऱ्यामुळे. ती घरी न्यायला बंदी आहे. पाणी इतकं उथळ की पन्नास पावलं आत गेलं तरी गुडघ्याएवढंच. पोहायला आलेले लोक पाण्यात नुसते चालत होते, बागेत फिरावं तसे.

बाबांनी पाण्याच्या अगदी काठाशी डावी चप्पल ठेवली. टाच पाण्याकडे. घड्याळ बघितलं. साडेबारा. अलिबागच्या गणितानं आता पाणी चढू लागायला हवं.

मी पोहून आले, जवाच्या कडक टोस्टवर टोमॅटो आणि चीज घातलेला 'डाकोस' दोघांनी खाल्ला (बाबांनी वर लसणीची चटणी घेतली, फार बरा लागतो), थोडी झोपले. मध्ये उठून बघितलं तर बाबा एका पायात चप्पल घालून, दुसरी राखत बसले होते. एक छोटी ग्रीक मुलगी शेजारी उकिडवी बसून तेही काय बघतायत ते बघत होती.

साडेतीनला बोटीचा भोंगा झाला. बाबा उठले, वाकले, चप्पल उचलली. टाच कोरडी होती. त्यांनी ती उगाच झटकली आणि पायात घातली.

रात्री आईचा फोन आला. "कसा होता समुद्र?"

"होता तिथंच होता," बाबा म्हणाले.