प्रथिनं पेशीत नाही, ट्यूबमध्ये संपतात: न्यूट्रोफिल लायसिसचा माझा अनुभव

एचएल-६० (रक्ताच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या) पेशींना १.२५ टक्के डीएमएसओ हे द्रावक देऊन पाच ते सात दिवसांत न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीच्या) वळणावर नेणं, फ्लो सायटोमीटरवर सीडी११बी हे पक्वतेची खूण असलेलं प्रथिन वाढल्याचं बघणं, यात फारसं अडत नाही. अडतं ते लायसिसला, म्हणजे प्रथिनं काढण्यासाठी पेशी फोडण्याला. त्याबद्दल प्रोटोकॉलमध्ये मात्र एकच ओळ: 'आरआयपीए बफर, बर्फावर ३० मिनिटं.' (आरआयपीए म्हणजे पेशी फोडणारं, डिटर्जंट असलेलं द्रावण.) त्या ओळीचा मला अजून राग येतो.

हीला या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कर्करोग-पेशींना ती ओळ चालते. पण न्यूट्रोफिल होणारी पेशी प्रोमायलोसाइट या कच्च्या टप्प्यावर असतानाच इलास्टेज, कॅथेप्सिन जी आणि प्रोटीनेज ३ ही प्रथिनं कापणारी एन्झाइम्स (प्रोटिएज) बनवून अझुरोफिल ग्रॅन्यूल या पिशव्यांमध्ये भरून ठेवते. डिटर्जंट पडला की ग्रॅन्यूल फुटतात आणि ही एन्झाइम्स समोर येईल ते प्रथिन कापत सुटतात. बर्फाने त्यांचा वेग फक्त मंदावतो. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीत) वरचा पट्टा फिका पडतो, खाली नवे उमटतात आणि निष्कर्ष निघतो की पेशी पक्व होताना हे प्रथिन कमी होतं. असं लिहिण्याआधी ट्यूबवर संशय घ्या.

पीएमएसएफ या प्रोटिएज रोखणाऱ्या रसायनावर विसंबू नका. पीएच ७.५ आणि २५ अंशांना त्याचं अर्धायुष्य साधारण ५५ मिनिटं; सकाळी घातलेलं दुपारी उरत नाही. डीएफपी हे तशाच कामाचं दुसरं रसायन चांगलं चालतं, पण ते मज्जासंस्थेचं विष आहे. फ्यूम हूड आणि प्रशिक्षण नसेल तर बाटली उघडूच नये.

मला खात्रीचा वाटतो तो उकळता एसडीएस, म्हणजे प्रथिनांची घडी मोडून एन्झाइम्स निकामी करणारा डिटर्जंट. २ टक्के एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ६.८), १० टक्के ग्लिसरॉल, डीटीटी (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) आणि रंग आत्ता नाही, नाहीतर बीसीए ही प्रथिन मोजायची चाचणी बिघडते. पेशी थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवा, पीबीएस पूर्ण काढा, तळाशी बसलेली पेशींची गोळी टिचकी मारून सैल करा आणि आधीच ९५ अंशांवर तापवलेला बफर ओता: १० लाख पेशींना १०० मायक्रोलीटर. थंड एसडीएस घालून मग तापवू नका, मधल्या वेळात कापाकापी होते. पाच मिनिटं ९५ अंशांवर. डीएनएमुळे द्रव शेंबडासारखा चिकट होतो, पिपेटच्या टोकाला तार लोंबते. तार तुटेपर्यंत सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी डीएनए तोडा.

शंका उरली तर ही चाचणी. आरआयपीएमधलं न्यूट्रोफिल लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) जुरकट या टी पेशींच्या लायसेटमध्ये समप्रमाणात मिसळून बर्फावर अर्धा तास ठेवा, शेजारी तेवढ्याच बफरने पातळ केलेलं नुसतं जुरकट. मग झॅप-७० बघा. ते टी पेशींचं प्रथिन, म्हणजे पट्टा जुरकटचाच. मिश्रणात तो गेला, तर दोषी प्रोटिएजच.

खालचा प्रत्येक पट्टा मोडतोडीचा नसतो, हेही आहे. न्यूट्रोफिलच्या मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचं सुमारे ९० किलोडाल्टनचं पूर्वरूप पेशीतच कापलं जाऊन जड साखळी ५९ च्या आसपास दिसते. लॅक्टोफेरिन हे न्यूट्रोफिलचं दुसरं प्रथिन हवं असेल तर डीएमएसओ दिलेल्या एचएल-६० मध्ये शोधू नका, तिथे ते बनत नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी घ्या.

सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: ट्रिपॅन ब्लूवर (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगावर) ९० टक्क्यांहून कमी पेशी जिवंत असतील तर तो नमुना घेऊच नका. मेलेल्या पेशींची प्रोटिएज बफरआधीच बाहेर आलेली असतात. आणि पक्व होताना पेशी लहान होते, म्हणून समान मायक्रोग्रॅम आणि समान पेशीसंख्या असे दोन्ही जेल चालवा, पाँसोचा (ब्लॉटवरची सगळी प्रथिनं रंगवणाऱ्या रंगाचा) फोटो काढून ठेवा.