झेड४ आणि साताऱ्याचा पाऊस : मे ते ऑगस्टची प्रगती

माझी गाडी माहितीये बऱ्याच जणांना, सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय, दोन सीटची बुटकी स्पोर्ट्स कार, जुनं मॉडेल, इंजिनचा जोर मागच्या चाकांवर, ३०६ हॉर्सपॉवर. उन्हाळ्यात कोरेगाव-रहिमतपूर साइडला चालवून हात बसला होता पण पावसाचं नाव काढलं की घरचे आणि मित्र सगळे एकच सांगायचे, कव्हर घाल आणि दिवाळीला काढ. आता साताऱ्यात राहून चार महिने गाडी झाकून ठेवायची तर घ्यायची कशाला, आणि ज्या घाटांसाठी घेतली ते तर पावसातच बघण्यासारखे असतात. म्हणून यंदा पावसातली ड्रायव्हिंग पहिल्यापासून, लहान पोराला सायकल शिकवतात तशी शिकायला घेतली.

पहिला खर्च टायरचा आणि तो टाळता येत नाही हे आधीच सांगतो. मागचे टायर आधीच्या मालकाने घातलेले, लांबून बघितले तर नक्षी मस्त दिसायची, पण साइडला चार आकडी कोड असतो ना तो वाचला तर २३१६ निघाला, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. रबर इतकं टणक झालेलं की नखाची खूणसुद्धा उठत नव्हती. गेज लावून मोजलं तर मधे ३ मिमी आणि आतल्या कडेला जेमतेम २. आतली कड मुद्दाम बघा, वाकून, टॉर्च मारून, कारण या गाड्यांच्या चाकांना कॅम्बर असतो, म्हणजे चाक वरून थोडं आत कललेलं, आणि टायर आतूनच आधी गोटा होतो, बाहेरून काही कळत नाही. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं पण एवढ्याशा नक्षीत पाणी मावणार किती आणि बाहेर फेकणार किती. मी स्वतः ३ मिमीला टायर बाद धरतो, पावसाळा तोंडावर असेल तर नक्कीच.

दोनच नवे घेण्याएवढं बजेट होतं ते मागे घातले. मागचा साइज २५५/३५ आर १८ आणि पुढचा २२५/४० आर १८ असल्यामुळे या गाडीत अदलाबदलीचा प्रश्नच नाही, पण चारी टायर एका साइजचे असले तरी चांगली जोडी मागेच असावी. पुढची चाकं घसरली तर गाडी वळणात सरळ जायला बघते, ते आपल्याला स्टेअरिंगमधून लगेच कळतं आणि वेग कमी झाला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागची घसरली की कळेपर्यंत गाडीचं तोंड दुसरीकडे.

हवेवरून टायरवाल्याशी जरा वाजलं. तो म्हणाला पावसात दोन-तीन पॉइंट (म्हणजे पीएसआय) कमी ठेवा, पकड वाढते, सगळे ठेवतात. सगळे ठेवतात हे खरंय पण हिशोब उलटा आहे. नासाच्या वॉल्टर हॉर्नने १९६३ मध्ये विमानाच्या टायरवर काम करून एक सोपं सूत्र दिलेलं, पाण्यावर टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागेल ते हवेच्या प्रेशरच्या वर्गमुळावर ठरतं. किलोमीटरमध्ये बसवलं तर साधारण १६.६ गुणिले पीएसआयचं वर्गमूळ. ३२ पॉइंटला येतात ९४, आणि तोच टायर २५ पॉइंटवर आणला तर ८३. कारच्या टायरला हे जसंच्या तसं लागू नाही, रुंद आणि झिजलेला टायर याच्या बराच आधी तरंगू शकतो, पण दिशा बघा की, हवा कमी केली की टायर लवकर तरंगतो. दारातल्या स्टिकरवर जेवढी लिहिलीये तेवढीच ठेवायची, टायर थंड असताना मोजायची, विषय संपला.

मेच्या शेवटी वळीव झाला. त्या पहिल्या पावसात मी गाडी काढलीच नाही आणि नवीन लोकांनी तर काढूच नये. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेलं ऑइल, टायरचं रबर, धूळ सगळं वर येतं आणि पाऊस भुरभुर असेल तर ते वाहून जात नाही, नुसती राड होते. एक-दोन तास धो धो झाल्यावर तोच रस्ता बराच बरा असतो.

जूनमध्ये खरी प्रॅक्टिस चालू केली आणि ती रस्त्यावर नाही. मेहुण्याचं एमआयडीसीत शेड आहे, मागे काँक्रीटचं मोठं यार्ड, रविवारी बंद. गेटला कुलूप, पाण्याचा टँकर बोलावला, ऑइलचे रिकामे प्लास्टिकचे ड्रम ठेवले आणि फक्की मारून रेषा आखल्या. सोबतीला आमच्या गल्लीतले तात्या. तात्या म्हणजे रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, महाबळेश्वरच्या गाडीवर उभी हयात गेली. त्यांना आधी आत बसवायलाच पाच मिनिटं लागली, बसल्यावर पहिलं वाक्य, "आरं एवढं खाली बसून तुला रस्ता दिसतो तरी का?"

पहिला धडा ब्रेकचा. ४० च्या स्पीडने रेषेवर आलो की पूर्ण ब्रेक, अर्धा नाही, पूर्ण. कोरड्यात साधारण ८ मीटरमध्ये गाडी उभी, पाणी मारल्यावर १२ च्या पुढे. ओल्यात एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) लागतं तेव्हा पेडल पायाखाली टकटकटक उसळतं, खालून घरघर आवाज येतो आणि नव्या माणसाचा पाय तिथेच दचकून मागे येतो. दाबून धरायचं, ते उसळणं म्हणजे सिस्टीम तिचं काम करतेय. आणि एबीएसचा उपयोग असा की ब्रेक दाबलेला असतानाही स्टेअरिंग ऐकतं, ड्रम चुकवून उभी करता येते, हे सगळ्यांनी एकदा तरी मोकळ्या जागेत करून बघा.

४० ला चार-पाच मीटरचा फरक म्हणजे काही वाटत नाही, म्हणून ८० चा हिशोब मांडतो. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. चांगल्या कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर ८० वरून थांबायला साधारण ३२ मीटर, ओल्या घासलेल्या डांबरावर ०.४ धरला तर ६३. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद म्हणजे आणखी २२ मीटर. हायवेला पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून जाणाऱ्यांनी हे एकदा पायाने मोजून बघावं.

दुसरा धडा गोलाचा आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. १२ मीटर त्रिज्येचा गोल आखला, भरपूर पाणी मारलं आणि गोलावर हळूहळू स्पीड वाढवत न्यायचा. कोरड्यात ३५ च्या आसपासपर्यंत गाडी निवांत फिरते, ओल्यात २८-३० लाच संपतं. आधी स्टेअरिंग हलकं पडतं, म्हणजे हातातलं वजनच जातं, आणि गाडी गोलाच्या बाहेर सरकायला लागते. इथे माणसाच्या पायाला एकच सुचतं, एक्सिलरेटर फाडकन सोडणे. सोडला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, वर इंजिन ब्रेकिंगसुद्धा याच मागच्या चाकांवर, मग शेपूट बाहेर यायला कितीसा वेळ. सरळ रस्त्यावर पाय दाबल्यावर गाडी वळवळते ते सगळ्यांना माहितीये, वळणात पाय काढल्यावरही वळवळते याकडे कुणी लक्ष देत नाही. मला विचाराल तर या पावसाळ्यात मी शिकलो ते एवढंच, उजवा पाय हळू उचलायला. दाबायला काय कुणीही शिकतं.

तात्या शेजारी बसून माझ्या पायाकडेच बघत होते, रस्त्याकडे नाहीच. "उचलू नगंस. पातळ कर पाय, पातळ. दमानं." मी बुटाच्या आत फक्त बोटं वर घेतली, टाच जिथे होती तिथेच, आणि स्टेअरिंग एक कणभर सरळ केलं. गाडी बाहेर सरकायची थांबली आणि हातात परत वजन आलं. तेच परत, परत, टँकर संपेपर्यंत. शेपूट बाहेर येतं तेव्हा नजर जिथे जायचंय तिथे आणि हात नजरेच्या मागे, ड्रमकडे बघितलं की ड्रमवरच जातो, हे दोनदा खरं ठरलं, ड्रम प्लास्टिकचे होते म्हणून बरं.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल. या गाडीत बटण एकदा दाबलं की डीटीसी मोड, थोडी घसर चालू देतो आणि मग पकडतो, आणि बटण धरून ठेवलं की सगळंच बंद. यार्डात डीटीसीवर केलं कारण घसर कशी सुरू होते ते कळायला पाहिजे. रस्त्यावर डीएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टीम) पूर्ण चालू, कायम, आणि ज्यांना ते बंद करून यवतेश्वर घाटात जायचंय त्यांच्या बरोबर मी जात नाही. पण डीएससीच्या भरवशावरही राहू नका, ते ब्रेक लावून आणि इंजिन आवळून काम करतं, पकड काही नवीन आणत नाही. टायर आणि डांबर यांच्यात जेवढी आहे तेवढ्यातच त्याला भागवावं लागतं.

जुलैपासून घाट. समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढून कास रोड, आडवारी, सकाळी लवकर. शनिवार-रविवारी नको, ठोसेघर आणि कासची पब्लिक, रस्त्यात उभं राहून सेल्फी, दुचाकीवर तिघं, त्यात आपण शिकाऊ. चढाला मी गिअर मॅन्युअलमध्ये घेतो आणि दुसऱ्याच्या जागी तिसरा ठेवतो, कारण ४०० न्यूटन मीटरचा टॉर्क हिला १३०० आरपीएमलाच मिळतो, दुसऱ्यात वळणातून बाहेर पडताना पाय जरा जड झाला की डॅशबोर्डवर डीएससीचा पिवळा दिवा फडफडतो. तिसऱ्यात तीच गाडी शहाण्यासारखी चढते. तो दिवा हा माझा मास्तर झालाय, अख्ख्या घाटात एकदाही पेटला नाही तर ती चक्कर पास.

उतरताना ब्रेक सगळा वळणाच्या आधी, सरळ रेषेत, गिअरही आधीच पाडून घ्यायचा. वळणात स्टेअरिंगमागचं गिअरचं पॅडल ओढून गिअर पाडला तर मागच्या चाकांना तोच झटका बसतो जो पाय फाडकन सोडल्यावर बसतो. तात्यांचं जुनं एसटीचं गणित, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, ते या गाडीलाही बसतं.

रस्ता वाचायलाही त्यांच्याकडूनच शिकतोय. सावलीतल्या आतल्या वळणावर कडेला हिरवट डांबर दिसलं तर ते शेवाळ, चाक तिथे न्यायचं नाही. डोंगराकडून लाल पाणी आडवं येत असेल तर खाली बारीक माती आणि खडी आहे असं समजायचं. पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग म्हणजे कुणाचं तरी डिझेल सांडलंय. पांढरे पट्टे आणि वळणाआधीचे ते जाड रंगाचे रंबलर ओले झाले की डांबरापेक्षा निसरडे, त्यावर ब्रेक लागलेला नको. आणि पाण्याने भरलेला खड्डा किती खोल हे कुणालाच माहिती नसतं, ३५ प्रोफाइलचे म्हणजे बुटक्या कडेचे टायर, स्टेपनी नाही, मी थांबून बाजूने काढतो, मागचा हॉर्न वाजवतो तर वाजवू दे.

यवतेश्वरच्या वर धुकं लागलं की समोरचे सगळे हॅझर्ड लाइट लावून चालवतात, चारी इंडिकेटर टिकटिक. अहो मग वळणार आहात की उभे आहात हे मागच्याला कळणार कसं? लो बीम, फॉग लॅम्प, काच साफ ठेवायला एसी चालू, बस. हाय बीम लावला तर धुक्याची पांढरी भिंतच दिसते.

हायवेला ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंनी पुण्याला जाऊन आलो. ट्रकच्या लेनमध्ये चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात त्यात पाणी भरतं आणि आपलं रुंद टायर बरोब्बर त्यातच बसतं, त्यामुळे मी चाकोरीपासून थोडं बाजूला चालतो, किंवा पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला केलेल्या पट्ट्यात, पण लांबून, नाहीतर सगळा फवारा काचेवर. क्रूझ कंट्रोल पावसात बंद, ते पाण्यातही स्पीड धरून ठेवायला बघतं. तळ्यात शिरल्यावर रस्त्याचा आवाज अचानक बदलला आणि स्टेअरिंग पोकळ लागलं तर ब्रेक नाही, वळवायचं नाही, पाय पातळ, दोन्ही हात सरळ.

खंबाटकीच्या जुन्या बोगद्याचं वेगळं सांगायला पाहिजे. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगद्यात रस्ता कोरडा, लाइट, आवाज, माणूस नकळत स्पीड वाढवतो, आणि बाहेर पडल्या पडल्या ओला उतार आणि पुढे ते बदनाम एस वळण. डोळे उजेडाला सरावायच्या आत, वायपर चालू व्हायच्या आत. मी स्पीड बोगद्यातच पाडतो, वायपर आतूनच चालू करतो, कोरड्या काचेवर दोनदा घासले तरी चालेल. आपल्या जिल्ह्याची गंमतच आहे, माणला पाण्याचा टँकर आणि महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तासाभराच्या ड्राइव्हमध्ये दोन्ही रस्ते लागतात, म्हणजे घरून निघताना आभाळ बघून काहीच ठरवता येत नाही.

आता राहिलंय मेढ्याकडून केळघर घाट, तो पाऊस जरा ओसरला की करायचा, तात्यांना घेऊनच. त्यानंतर ऊस चालू झाला की ट्रॉल्यांचा चिखल रस्त्यावर येईल तो वेगळाच सब्जेक्ट. पुढचे टायर अजून ५ मिमी आहेत पण २०१९ चे, पुढच्या मिरगाच्या आधी बदलणार. २२५/४० आर १८ मध्ये रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर) काढून साधे घातलेत आणि पावसात चालवलेत असं कुणी असेल तर सांगा, पकडीत फरक वाटला का, आणि पंक्चर झाल्यावर काय करता, किट ठेवता की नुसता फोन?